पन्नास अँपिअरची सोयरीक

आमच्या या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे फावल्या वेळचे उपद्व्याप ठाऊक आहेतच. शिवणयंत्राच्या लोखंडी पायट्यावर आम्ही टेबल बसविले, तेव्हा ते वर्षभर डुगडुगले, एवढेच काय ते नुकसान. पाण्याच्या टाकीला भोंगा लावला, तेव्हा शेजाऱ्यांची झोप गेली. तीही चार दिवसांनी परत आली. यंदाच्या उद्योगात मात्र आमच्या मातोश्री बसलेल्या होत्या. हे वाक्य शब्दशः घ्यावे.

मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी. गुडघे संपावर गेले आहेत, पण वाचनाची भूक शाबूत. वाचनालयातून दुसऱ्याने आणून दिलेले पुस्तक त्यांना चालत नाही; कपाटासमोर उभे राहून, चार पुस्तके चाळून, पाचवे घ्यायचे, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. अशात एका स्नेह्यांनी आपल्याकडे धूळ खात पडलेली विजेवर चालणारी परदेशी चाकांची खुर्ची आम्हांस देऊ केली. बॅटऱ्या मृत, गादी उंदरांनी कुरतडलेली. परंतु दोन्ही मोटारी ठणठणीत. आमचा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून आमच्याकडेच राहतो. खुर्ची पाहताच तो म्हणाला, "मामा, हिला फक्त रक्त पाहिजे, हाडे मजबूत आहेत."

रक्त म्हणजे बारा व्होल्टच्या दोन बंद बॅटऱ्या, एकीमागून एक जोडलेल्या. मिळून चोवीस व्होल्ट. त्या आणल्या. बॅटरी आणि मोटारींचा नियंत्रक यांच्यामध्ये मूळचा जो जोड होता, तो कोणा कारागिराने पूर्वीच कापून टाकून तारा नुसत्या पिळून वर काळी पट्टी गुंडाळली होती. बॅटरी चार्जिंगसाठी आत न्यायची, तर तो जोड हवाच. आम्ही कोठीला गेलो, ट्रूप बाजारातल्या एका दुकानी उभे राहिलो. "कित्ते अँपियर का होना साब?" असे दुकानदाराने विचारले. आम्ही पन्नास म्हणालो. त्याने पिवळ्या प्लॅस्टिकची एक जोडी समोर ठेवली. तिच्यावर साठचा आकडा ठसठशीत उमटविलेला. "साठ का है साब, आँखाँ बंद करके लेजाओ." चाळीस रुपये जोडी. आम्ही दोन जोड्या घेतल्या आणि डोळे खरोखरच बंद ठेवले.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी मातोश्री खुर्चीत बसून आमच्या इमारतीचा उतार चढत होत्या. निम्म्यात खुर्ची अडखळली, पुन्हा हलली आणि थांबली. जळक्या प्लॅस्टिकचा दर्प आला. आसनाखालून धुराची बारीक वेटोळी निघाली. अशा खुर्चीच्या मोटारींना विजेवर सुटणारा ब्रेक असतो. वीज असेपर्यंत तो उघडा राहतो, वीज गेली की आतल्या स्प्रिंगने आपोआप बसतो. म्हणून ती उतारावर जागच्या जागी खिळली, मागे घसरली नाही. ज्या कोणी ही योजना प्रथम केली, त्याला आम्ही त्या क्षणी मनोमन साष्टांग घातला. दोघा शेजाऱ्यांच्या मदतीने मातोश्रींना उचलून साध्या खुर्चीवर बसविले. त्या एवढेच म्हणाल्या, "पुस्तक खाली पडलंय, ते घ्या."

आसनाखाली पिवळ्या जोडाच्या जागी एक काळपट गोळा होता. त्याच्यापासून चार बोटांवर बॅटरी. आणि तिथेच साठ अँपिअरचा फ्यूज, नव्या नवरीसारखा निष्कलंक.

भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आमचाही काही वेगळा नसावा. त्या रात्री आम्हां दोघांनाही जेवण गेले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी पानावरच विचारले, "फ्यूज लावला होता म्हणता, मग तो उडाला का नाही?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. पुढचा महिना त्यातच गेला, आणि आजचा हा मजकूरही त्याचाच आहे.

फ्यूज प्रवाह पाहतो. तारेतून ठरल्यापेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की तो स्वतः वितळतो आणि तार वाचवितो. परंतु आमच्या खुर्चीत अधिक प्रवाह वाहिलाच नव्हता. भाच्याने नंतर महाविद्यालयातून चिमट्याचे मापक आणून मोजले: सपाट जमिनीवर नऊ अँपिअर, उतार चढताना चव्वेचाळीस. फ्यूजच्या दृष्टीने सारे आलबेल. बिघाड होता सांध्यात. सांधा खराब झाला की त्याचा रोध वाढतो, आणि रोध वाढला की प्रवाह झालाच तर थोडा कमीच होतो. सांधा पेटत असताना फ्यूजला वाटते, आज काम हलके दिसते! वेशीवरच्या पहारेकऱ्याने आत येणारी माणसे मोजावीत आणि गावात लागलेल्या आगीची त्याला खबर नसावी, तसे हे आहे.

वाचकहो, आपण घरातल्या विजेला भितो ती व्होल्टमुळे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे बारा किंवा चोवीस व्होल्ट म्हणजे खेळणे, अशी एक समजूत होऊन बसते. हात लावला तर झटका बसत नाही, हे खरे. पण दोन हजार वॅटचा पाणी तापविण्याचा गीझर भिंतीतल्या २३० व्होल्टवर जेमतेम नऊ अँपिअर घेतो. तेवढेच काम चोवीस व्होल्टवर करून घ्यायचे तर त्र्याऐंशी अँपिअर लागतील. व्होल्ट कमी केले की तेवढ्याच कामाला अँपिअर वाढतात. आणि सांध्यातली उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. भिंतीतल्या खटक्यात जो ढिला सांधा वर्षानुवर्षे खपून जातो, तोच बॅटरीच्या तारेत एका संध्याकाळी कोळसा होतो.

सांध्याविषयी आणखी एक गोष्ट या निमित्ताने कळली, ती आम्हांस फार मौजेची वाटली. दोन धातूंचे गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तरी ते प्रत्यक्षात टेकतात ते मोजक्या सूक्ष्म बिंदूंवरच. डोळ्यांना दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा तो अगदी लहानसा अंश. सारा प्रवाह त्या बिंदूंतून चेंगराचेंगरी करीत जातो. राग्नार होल्म (१८७९–१९७०) या शास्त्रज्ञाने बर्लिनच्या सीमेन्स कंपनीत या एका विषयावर वर्षानुवर्षे काम केले. दाब चांगला, तर बिंदू अधिक. दाब कोणाच्या हाती? आतल्या स्प्रिंगच्या. स्प्रिंग तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की बिंदू कमी होतात, बिंदू कमी झाले की ती अधिक तापते. एकदा ही घसरण सुरू झाली की शेवट ठरलेला.

आता आमची वधूसंशोधनाची मोहीम सुरू झाली. जोड म्हटला की दोन पक्ष आलेच. बाजारातही त्यांना मेल-फीमेलच म्हणतात. प्रथम आम्ही उरलेल्या दुसऱ्या पिवळ्या जोडीची झडती घेतली. भाच्याने शीतकपाटाच्या दारावर लावायचे चुंबक तिच्या सोनेरी खुंट्यांजवळ नेले; खुंट्या टपकन चिकटल्या. सोने, पितळ, तांबे, चांदी यांतले काहीही चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे वर सोनेरी मुलामा आणि आत लोखंड! लोखंडाचा रोध तांब्याच्या पाच-सहा पट. साठचा आकडा साच्यात कोरायला मात्र काही खर्च येत नाही.

येथे त्या पिवळ्या जोडाच्या खऱ्या घराण्याशी अन्याय होऊ नये. ही घडण मुळात चीनमधील अमास या कंपनीची, एक्सटी-६० आणि एक्सटी-९० या नावांची. विमानांच्या प्रतिकृती, ड्रोन, विजेच्या सायकली यांत ती सर्रास वापरतात. अस्सल जोडावर कंपनीचे नाव कोरलेले असते आणि खुंट्या पितळेच्या, सोन्याच्या मुलाम्याच्या असतात. तथापि अस्सलातही एक मेख आहे. नावातला आकडा थोड्या वेळेपुरत्या प्रवाहाचा. सतत वाहायचा प्रवाह कंपनीच स्वतः सांगते तो साठवाल्याला तीस, आणि नव्वदवाल्याला चाळीस-पंचेचाळीसच्या घरात. पत्रिकेतले गुण आणि संसारातले गुण यांत एवढा फरक असायचाच!

कोठीच्या गुजराती गल्लीत आम्हांस अस्सल एक्सटी-९० मिळाला, चुंबकाच्या परीक्षेत उतरला. तरी तो आम्ही घेतला नाही. एक तर आमचा चव्वेचाळीस त्याच्या काठावर येतो. दुसरे, तार त्याला डाखाने जोडावी लागते. डाख देणे हे आमचे जुने प्रेम. पण कथिल-शिशाचा डाख १८५ अंशांच्या आसपास वितळतो, आणि सांधा तापलाच तर प्रथम तोच पळ काढतो. शिवाय डाख तारेच्या केसांतून वर चढतो. जिथवर चढतो तिथवर तार काडीसारखी ताठ होते आणि त्याच्या सीमेवर, हादऱ्यांनी, तुटते. ज्याला हे जोड वापरावयाचेच असतील त्याने डाख देताना दोन्ही अर्धे एकमेकांत घालून ठेवावेत, म्हणजे प्लॅस्टिक मऊ झाले तरी खुंटी वाकडी होत नाही. आणि दुकानात जाताना खिशात चुंबक असावे. तिसरे कारण अगदी घरगुती. ही पिवळी डबी उपसायला चांगलाच जोर लागतो आणि धरायला जागा नाही. आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघे घरी नसाल तेव्हा हे मीच काढायचे ना?"

शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी एक सोपा तोडगा सुचविला. घरचा पंधरा अँपिअरचा तीन खुंट्यांचा पॉवर प्लग लावून टाका, म्हणाले, कोपऱ्यावर मिळतो. पंधराचा प्लग चव्वेचाळीसला पुरत नाही, हे तर झालेच. पण त्याहून भयंकर गोष्ट अशी की बॅटरीच्या दोरीला घरचा प्लग लावला, तर एक ना एक दिवस कोणीतरी भल्या हेतूने तो भिंतीत खुपसणार. मग काय होईल ते लिहिण्याचे कारण नाही. त्यांचा दुसरा सल्ला, भिंतीवरचा साधा खटका मध्ये घालण्याचा, तोही असाच. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे खटका उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. ठिणगी लांबते, टिकते आणि खटक्याची जीभ खाऊन टाकते. म्हणून खुर्ची चालू असताना जोड उपसायचा नाही, आधी नियंत्रक बंद करायचा, हा नियम आमच्या घरी आता देवघरातल्या नियमांइतका कडक आहे.

शेवटी सिकंदराबादेस राणीगंज गाठले. तेथे पंप, मोटारी, पट्टे, साखळ्या यांची दुकाने एकाला एक लागून आहेत, आणि प्रत्येक दुकानात आपल्या वस्तूला निराळे नाव आहे, हे ध्यानात यायला दोन शनिवार गेले. आम्ही 'हाय करंट कनेक्टर' मागत होतो. लोक "नक्को साब, अपने पास नै रहता" म्हणून परत पाठवीत होते. (हा 'नक्को' आपल्याच 'नको'चा दख्खनी अवतार. हैदराबादेत मराठी माणसाला नकारसुद्धा मातृभाषेत मिळतो, ही गंमत बाहेरच्यांना कळायची नाही.) तिसऱ्या शनिवारी भाच्याने मोबाइलवर चित्र दाखविले, तसे एक वयस्क मिस्त्री हसले. "ये बोलो ना मियाँ, फोर्कलिफ्ट का प्लग." आणि त्यांनी खालच्या खणातून लाल रंगाचा एक ठोकळा काढला.

हा अँडरसन घराण्यातला. गोदामांत माल उचलणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांना हेच जोड असतात. त्यातला लहान, पन्नास अँपिअरचा, विजेच्या चाकखुर्च्यांतही सर्रास असतो. आमच्या खुर्चीतून कापून फेकलेला जोड बहुधा हाच असावा! याचे वैशिष्ट्य असे की यात मेल-फीमेल नाही. दोन्ही अर्धे अगदी सारखे. एक उलटा करून दुसऱ्यात घातला की बसतो. साक्षात अर्धनारीनटेश्वर. आत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या दोन सपाट जिभा असतात, मागे पोलादी पट्टीची स्प्रिंग. आत-बाहेर करताना जिभा एकमेकींवर घासल्या जातात आणि प्रत्येक वेळी आपोआप साफ होतात. रंगालाही अर्थ आहे: लाल चोवीस व्होल्टसाठी, करडा छत्तीससाठी, निळा अठ्ठेचाळीससाठी, एका रंगाचा जोड दुसऱ्या रंगात शिरतच नाही, अशी आत खाच केलेली असते. सोयरीक जुळविताना गोत्र पाहावे, तसेच हे. किंमत पिवळ्या जोडीच्या कितीतरी पट होती. ती येथे सांगत नाही, कारण हे मासिक घरातही वाचले जाते.

मिस्त्रींनी तारेचीही पारख शिकविली. आम्ही 'सात-वीस' म्हणून जुन्या मापाने मागत होतो. ती फार तर साडेचार चौरस मिलिमीटर. त्यांनी दहा चौरस मिलिमीटरची, बारीक केसांची मऊ तार दिली आणि पात्याने एक केस खरवडून दाखविला: आतबाहेर लाल. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचे पाणी चढविलेली तारही मिळते. ती खरवडली की आत पांढरी निघते आणि हाताला हलकी लागते. मग तारेचे टोक जिभेच्या नळीत घालून हायड्रॉलिक पकडीच्या षट्कोनी जबड्यात दाबले. आम्ही घरी हातोडीने ठोकून हे काम उरकणार होतो. त्यांनी काही न बोलता एक नमुना दाबून तो करवतीने आडवा कापला आणि भिंग हाती दिले. तारेचे शेकडो गोल केस एकमेकांत दबून मधाच्या पोळ्यासारखे झाले होते. मध्ये हवेला जागाच उरली नव्हती. हातोडीने ठोकलेला दुसरा नमुना कापला, तर त्यात भोकेच भोके. त्या भोकांत दमट हवा शिरते आणि तांबे हिरवे पडते. आम्ही हातोडीचे नाव पुन्हा काढले नाही.

घरी आल्यावर परीक्षा घ्यायची ठरले. मातोश्रींना पुन्हा बसवून परीक्षा घेण्याची आमची छाती नव्हती. भाच्याने भंगारातून मोटारीच्या पुढच्या दिव्याचे आठ बल्ब आणले, बारा व्होल्टचे, ६०/५५ वॅटचे. दोन-दोनांच्या चार जोड्या केल्या आणि प्रत्येकाच्या दोन्ही तारा एकदम पेटविल्या. हिशेबाने अडतीस अँपिअर. अंगणात जणू लग्नाची वरात उतरली, समोरच्या गच्चीवरून "काय चाललंय?" अशी हाक आली. मल्टिमीटरची टोके जोडाच्या दोन बाजूंना लावली की त्या सांध्यात किती व्होल्ट हरवतात ते कळते. आधी उरलेली पिवळी जोडी लावली. एका खुंटीत ३८० मिलिव्होल्ट! म्हणजे दहा मिलिओहम रोध आणि साडेचौदा वॅट उष्णता. दोन खुंट्यांची मिळून एकोणतीस. घरातली डाख देण्याची लेखणी पंचवीस वॅटची असते. मातोश्रींच्या आसनाखाली आम्ही एक पेटती डाखणी ठेवली होती, असाच त्याचा अर्थ. भाच्याने लगेच खटका पाडला आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. मग लाल जोड लावला. एकोणीस मिलिव्होल्ट. पाऊण वॅटही नाही. वीस मिनिटे दिवे जळत ठेवले. हात लावला तर जोड कोमटही नव्हता.

या मोजमापाला बल्ब लागतात, पण हात तर सर्वांनाच आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी इन्व्हर्टरची बॅटरी आहे. पंखे-दिवे चालू असताना तिच्या बारा व्होल्टच्या बाजूने पन्नास-साठ अँपिअर सहज वाहतात, आणि त्या टोकांवरची पांढरी-निळी बुरशी आपण दसऱ्याला पुसतो, तोवर नाही. वीज जाऊन तासभर झाला असेल, तर ती परत आल्यावर इन्व्हर्टर बंद करून, प्लगही काढून, बॅटरीच्या टोकांना बोट लावून पाहावे. एक टोक दुसऱ्यापेक्षा गरम लागले, तर ते काढून, घासून, घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावणे आवश्यक आहे. मात्र पान्याने काम करताना हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ उतरून ठेवावे. बारा व्होल्ट माणसाला झटका देत नाहीत, पण पान्याआडून अंगठी दोन्ही टोकांना टेकली तर शेकडो अँपिअर तिच्यातून वाहतात आणि ती बोटातच लाल होते.

पुन्हा खुर्चीत बसण्यापूर्वी मातोश्रींनी अट घातली: जळलेला जोड आणि नवा जोड दोन्ही दाखवा. चष्मा लावून त्यांनी दोन्ही उलटसुलट पाहिले. भाच्याने त्यांना ३८० आणि १९ हे दोन आकडे सांगितले. त्यांनी आपल्या वाचनालयाच्या वहीत, पुस्तकांच्या यादीखाली, ते लिहून घेतले. जळका गोळा आम्ही टाकणार होतो. त्यांनी तो मागून घेऊन सुयादोऱ्यांच्या डब्यात ठेवला. "याला फेकू नका. पुढच्या वेळी तुम्हांला काही स्वस्त मिळालं, की मी हा काढीन."

पहिल्या फेरीला आम्ही बरोबर चाललो होतो. उतार चढून झाला, तेव्हा भाचा वाकून आसनाखाली हात घालू लागला. मातोश्री म्हणाल्या, "थांब रे, मीच बघते," आणि हात खाली नेऊन त्यांनी तो लाल ठोकळा चाचपला. "गार आहे. चला, वाचनालय सहाला बंद होतं."